एक आकडा हातचा

३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र वाचून झालं की तुझ्या त्या बियांच्या पत्र्याच्या डब्यात टाक आणि भावोजींना दाखवू नकोस. ईमेलवर लिहिलं असतं, पण आमच्या संस्थेतली कॉम्प्युटरची खोली टायवाल्यांच्या भाच्याच्या ताब्यात आहे. आणि फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस.

टायवाले आठवतात ना, माझे गाईड? भर उन्हाळ्यातही प्रयोगशाळेत टाय लावून यायचे आणि माती लागू नये म्हणून पेनाच्या टोकाने रोप वाकवून बघायचे. दोन वर्षांपूर्वी ते मोठ्या संस्थेत गेले, शिवाय एका बियाणे कंपनीचे सल्लागार झाले. त्यांनी माझी नऊ वर्षं चोरली.

माझं काम तुला माहीत आहे. कोबीचं बी पेरण्याआधी झाडाच्या सालीच्या गरम काढ्यात भिजवलं की काळी कूज येत नाही, एवढं एक वाक्य सिद्ध करायला मला नऊ वर्षं लागली. गेल्या मे महिन्यात मी त्याचा पेपर जर्नलकडे पाठवला. छापण्याआधी संपादक असा पेपर दोन-तीन जाणकारांना वाचायला देतात आणि त्यांची नावं लेखकाला सांगत नाहीत. त्यातल्या दुसऱ्या जाणकाराने माझा पेपर आठ महिने दाबून ठेवला. मग शेरा मारला की यात नवीन काही नाही, आणि लेखिकेने पुढील सात पेपरांचा उल्लेख करावा. सातही टायवाल्यांचे. नाव लपवायची अक्कल आहे, हाव लपवायची नाही.

परवा दुसऱ्या एका जर्नलमध्ये त्यांचा स्वतःचा पेपर आला. माझाच काढा, माझेच तक्ते, माझीच वाक्यं थोडी पुढेमागे केलेली. पहिल्या पानावर मी रागाने माझी वाक्यं अधोरेखित करत होते. तिसऱ्या पानावर आले आणि हसायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं मला बढती मिळाली.

कारण, ताई, तिसऱ्या पानावर एक आकडा चुकीचा आहे आणि तो मी मुद्दाम घातलेला आहे. काढा किती गरम ठेवायचा, तो. कच्चा पेपर बाहेर देताना एक आकडा हातचा ठेवावा आणि छापायचं नक्की झालं की शेवटच्या प्रुफात खरा घालावा, ही युक्ती मला त्यांनीच शिकवली होती. नियमात बसत नाही, मला कळतं. शिकवून ते विसरले, कारण मी त्यांचं कधी मनावर घेते असं त्यांना वाटलंच नाही.

आकडा मी विचार करून निवडला होता. तेवढ्या गरम काढ्यात बी भिजवलं तरी ते छान उगवतं. रोप हिरवंगार दिसतं. फक्त आतला शेंडा मेलेला असतो आणि पुढे गड्डा धरतच नाही. ज्याने प्रयोग शेवटपर्यंत केला त्याला हे कळणारच. नक्कल करणारा दहाव्या दिवशी उगवलेलं बी मोजतो आणि पेपर लिहायला बसतो.

आकडा तुलाही सांगत नाही. तुझ्या पोटात राहील, भावोजींच्या राहणार नाही.

आता मी त्यांना अजून थोडं वर चढू देणार आहे. खालूनच पाडलं तर लागणार किती?

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. आमच्या रोपवाटिकेत पेपर म्हणजे सकाळी येतो आणि दुपारी त्यावर रोपं गुंडाळली जातात, त्यामुळे काही गोष्टी भावोजींना विचारून समजून घ्याव्या लागल्या. घाबरू नकोस, तुझं नाव न घेता विचारल्या.

तुझा राग मला पटतो. तुला ते शाळेतलं मेजपोसाचं प्रकरण आठवत असेल. मी भरतकाम केलेल्या मेजपोसावर मुख्याध्यापिकेच्या पुतणीने आपल्या नावाची चिठ्ठी लावली, आणि मी महिनाभर काही बोलले नाही. बक्षिसाच्या दिवशी पाहुण्याबाईंनी तो हातात घेऊन कौतुक सुरू केलं तेव्हा उभी राहिले आणि म्हटलं, जरा उलटून बघा. मागच्या सगळ्या गाठी डावऱ्या हाताने मारलेल्या होत्या. आख्ख्या वर्गात डावखुरी मी एकटी. तू तेव्हा पहिलीत होतीस आणि सगळ्यात जास्त टाळ्या तूच वाजवल्यास. तेव्हा वाट बघ म्हणणाऱ्यांतली मी आहे.

एक मात्र कळलं नाही. काम पुरं झाल्याबरोबर तुम्ही लोक ते सरळ सगळ्यांना दिसेल असं का लावत नाही? आम्ही नवी जात आली की फाटकावर पाटी लावतो. मग शेजारचा उद्या म्हणू शकत नाही की ही माझी. आठ महिने एका अनोळखी माणसाच्या कपाटात आपलं काम ठेवायचं आणि त्याचं नावही विचारायचं नाही, हा कुठला शहाणपणा?

आणि तुझा तो चुकीचा आकडा. मला तो थोडा टोचतो. कुणी खरंच तसं बी भिजवलं तर?

आई तुझी आठवण काढते, भाचीला मावशीकडे यायला वेळच नाही म्हणते. कामाचा व्याप संपला की ये.

ताई


२ मार्च

ताई,

फाटकावरच्या पाटीचं तू बरोबर बोललीस. इंटरनेटवर तशी जागा आहे, तरुण पोरं आपलं काम आधी तिथेच टाकतात. पण आमची बढतीची समिती ते धरत नाही. समितीला छापील पेपर लागतात, तेही वाचायला नाही, मोजायला. मी पाटी लावली असती तर माझं काम जगाला दिसलं असतं आणि समितीला नसतं. मी समितीकडे बघितलं, ही माझी चूक.

बी कुणी भिजवेल याची काळजी करू नकोस. आमच्या पेपरातली गोष्ट शेतापर्यंत पोहोचायला दहा वर्षं लागतात, आणि बहुतेक वेळा पोहोचतच नाही.

आता खरी बातमी. टायवाल्यांचा पेपर छापणाऱ्या संपादकांना मी पत्र लिहिलं. चोरी म्हटलं नाही. एवढंच विचारलं की या तापमानाला गड्डा धरलेला लेखकांनी स्वतः पाहिला आहे का, आणि वह्या दाखवतील का. संपादकबाई कडक आहेत. त्यांनी एप्रिलअखेरपर्यंत लेखी उत्तर मागितलंय. बघितला नाही म्हणाले तर पेपर पोकळ ठरतो, बघितला म्हणाले तर खोटे ठरतात. तिसरी वाट एकच आहे. तोवर त्यांना वास लागला तर 'छपाईची चूक' म्हणून एका ओळीची दुरुस्ती छापतील आणि हात झटकून मोकळे होतील. जगात रोज अशा दुरुस्त्या छापतात, कुणी वाचत नाही. म्हणून एप्रिल संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द निघता कामा नये. तुझ्याही.

सोबत लाखेने बंद केलेलं जाड पाकीट आहे. माझ्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स आहेत, दर पानावर तारीख आणि सही. इथे माझ्या टेबलाला कुलूप लागत नाही. कपाटात ठेव आणि फोडू नकोस. लाख अखंड असेल तरच पुढे पुरावा म्हणून उपयोग.

खरं सांगू? नऊ वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटतंय.

धाकटी


१२ मार्च

धाकटे,

पाकीट मिळालं. आईच्या जुन्या शालीखाली ठेवलंय, लाखेसकट.

इथे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे आई परवा मागच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. चमचा डाव्या हाताने धरायचा म्हणून चिडचिड करते. मी म्हटलं, मी जन्मभर धरतेय, मला कधी कुणी सहानुभूती दिली नाही. कुणाला कळवू नको म्हणते, उगाच सगळे भेटायला येतील. म्हणून फक्त तुला लिहितेय.

दुसरी गोष्ट तुझ्या खात्यातली. जानेवारीत बियाणांच्या दुकानदाराने एका नव्या भुकटीची नमुन्याची पाकिटं दिली होती. भुकटी गरम पाण्यात घालायची, त्यात कोबीचं बी भिजवायचं, काळी कूज येत नाही. मी तेव्हाच एक खेप करून टाकली, तुझं पहिलं पत्र यायच्या आधी. रोपं ट्रेमध्ये हिरवीगार उभी आहेत. वीस तारखेपासून लोक न्यायला येतील. दुसरी खेप मोठी आहे, बावीसला भिजवायची. एकेचाळीस जणांनी नावं लिहून ठेवलीत.

काल पाकीट पुन्हा वाचलं आणि मनात पाल चुकचुकली. त्यावर माणसाचं नाव नाही, नुसती कंपनी आहे. पण वर्णन तुझ्याच काढ्यासारखं वाटतं. तुझ्या कामावरून केलेलं असेल तर मला अभिमानच आहे. पण टायवाल्यांचं असेल तर? पाण्याचं तापमान ५३ अंश लिहिलंय. तू म्हणालीस की अशा गोष्टी शेतात यायला दहा वर्षं लागतात, म्हणून हे दुसरंच काही असावं असं भावोजींचं म्हणणं. पण तूच लिहिलं होतंस की वरवर काही कळत नाही. म्हणून विचारते.

मला काही समजावून सांगू नकोस, पत्रही लिहू नकोस, वेळ जाईल. तुझा आकडा हाच असेल तर भावोजींना एक फोन कर आणि नुसतं 'नको' म्हण. फोन आला नाही तर मी ते चांगलं समजेन.

ताई


१९ मार्च

मावशी,

मनगट मोडून घेतलंस आणि मला सांगायचंही नाही? प्लास्टरच्या आत खाजलं तर विणायची सुई घालू नकोस, तू घालशील म्हणून आधीच बजावते. डाव्या हाताने जेवायला ताईकडून शिक. मला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून हे कार्ड. मे महिन्यात येईन आणि तुझ्या प्लास्टरवर सही करेन, तोवर काढू नकोस.

तुझी धाकटी


६ मे

ताई,

संपलं. बस आणि सावकाश वाच.

टायवाल्यांनी तीस एप्रिलला संपादकबाईंना लेखी उत्तर दिलं. आम्ही ५३ अंशांवर प्रयोग गड्डे कापणीला येईपर्यंत केला, म्हणे, एकशेवीस रोपं, सगळ्यांना गड्डे धरले, सरासरी वजन अमुक. वजनसुद्धा दिलंय. मेलेल्या शेंड्याच्या कोबीचं वजन. संपादकबाईंनी दरम्यान एका तिसऱ्या प्रयोगशाळेकडून तेच करून घेतलं होतं. त्यांच्या रोपांत एकालाही गड्डा धरेल असा शेंडा नाही. पेपर मागे घेतला. कंपनीने त्यांना काढलं. त्यांच्या संस्थेने चौकशी लावली आणि चौकशीच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला. भाचा कालपासून माझ्याकडे बघून उभा राहतो.

मी त्यांना एकदाच फोन केला. म्हटलं, सर, एक आकडा हातचा ठेवावा असं तुम्हीच शिकवलं होतंत. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट ऐकला. तुझ्या मेजपोसाच्या टाळ्या आठवल्या.

माझा पेपर जूनमध्ये येतोय. मी तो संपादकबाईंच्याच जर्नलला खऱ्या आकड्यासह नव्याने दिला होता. संपादकबाई त्यावर स्वतः चार ओळी लिहिणार आहेत, सचोटीवर.

तुझं बारा मार्चचं पत्र मात्र मला आज मिळालं, ताई. आमच्या टपालखोलीत दोन महिने पडून होतं, तिथला माणूस रजेवर होता. वाचून जीव थाऱ्यावर नाही. ते बी भिजवलं नसशील अशी आशा करते. भिजवलं असशील तर रोपं कुणाला देऊ नकोस. काही नुकसान झालंच असेल तर तो दोष टायवाल्यांचा, हे मी कुणाहीपुढे सांगेन. हेही पाप त्यांच्याच पदरात घाल.

ते लाखेचं पाकीट आता परत पाठवलंस तरी चालेल.

धाकटी


२१ मे

धाकटे,

तुझा फोन आला नाही, म्हणून मी बावीस मार्चला बी भिजवलं. थर्मामीटर घेऊन बसले होते. एक अंश इकडेतिकडे होऊ दिला नाही.

पहिल्या खेपेची रोपं वीस मार्चपासून गेली, दुसरीची एप्रिलच्या शेवटी. तुझं पत्र आलं तेव्हा ट्रे रिकामे होते. या महिन्याच्या सुरुवातीला पहिल्या खेपेतला एक जण कोबीचं रोप उपटून घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवलं. पानं हाताएवढी, जाड, सुंदर. मधे काही नाही. नुसती कोरडी खाच. मग रोज कुणी ना कुणी येत राहिलं. त्या निवृत्त मास्तरीणबाई आल्या, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही लावलं होतं. त्या भांडल्या नाहीत. माझंच काही चुकलं का, पाणी कमी पडलं का, असं विचारत होत्या. मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी म्हटलं, हो, पाणी कमी पडलं असेल. हे मला जन्मभर पुरेल.

भावोजी रोज सकाळी फावडं घेऊन जातात आणि लोकांच्या वाफ्यांतून आपली रोपं उपटून देतात. कुणी बोलावलेलं नाही. वीस वर्षं त्यांनी प्रत्येक ट्रे स्वतः तपासून दिलाय. आता लोक आमच्या फाटकापाशी थांबतात, पाटी वाचतात आणि पुढे जातात.

तुझं सहा मेचं पत्र वाचलं तेव्हा मी खरंच टपालखोलीतल्या त्या माणसाला शिव्या घातल्या. दोन दिवस घातल्या. मग तिसऱ्या दिवशी, एप्रिलमध्येच निघालेल्या प्लास्टरची आठवण काढून आई म्हणाली, धाकटीची सही राहिलीच. आणि उशीखालून तुझं कार्ड काढून दिलं, डब्यात ठेव म्हणून.

एकोणीस मार्च. मनगट मोडल्याचं मी एकट्या तुला लिहिलं होतं, त्याच पत्रात. ते पत्र टपालखोलीत होतं तर मनगट तुला कुणी सांगितलं? प्लास्टर कुणी सांगितलं, डावा हात कुणी सांगितला?

म्हणजे माझं पत्र तू वाचलंस. ५३ वाचलंस. पहिल्या खेपेचं एकही रोप फाटकाबाहेर गेलं नव्हतं तेव्हा वाचलंस, आणि दुसऱ्या खेपेचं बी कोरडं होतं. कार्ड घेतलंस, तिकीट लावलंस, मावशीला विणायच्या सुईबद्दल बजावलंस. भावोजींना 'नको' म्हणायला तुला शब्द एक लागला असता. पण मग भावोजी दुकानदाराकडे गेले असते, दुकानदार कंपनीकडे, आणि टायवाल्यांनी एक ओळ छापून हात झटकले असते. तुला ते एक मिनिट फोनवर ऐकायचं होतं. त्यासाठी तू आम्हाला पणाला लावलंस.

आठ महिने तुझं काम दाबून ठेवणाऱ्या माणसाचा तू एवढा सूड घेतलास. माझं पत्र तू आठ आठवडे दाबून ठेवलंस.

मग मी पाकीट फोडलं. तू फोडू नको म्हणाली होतीस, म्हणून आतापर्यंत हात लावला नव्हता. बावीस मार्चला ते माझ्यापासून चार पावलांवर होतं, आईच्या शालीखाली. एकतिसावं पान. तुझं अक्षर, तुझी सही, सहा वर्षांपूर्वीची तारीख. '५३ अंशांवर बी उगवतं, शेंडा मरतो. हे बी कुणालाही देऊ नये.' शेवटच्या वाक्याखाली तू दोन रेघा मारल्यास.

काल मी संपादकबाईंना पाठवलं. ते एकतिसावं पान, तुझं तीन फेब्रुवारीचं पत्र ज्यात चुकीचा आकडा मुद्दाम घातल्याचं तू लिहिलंस, माझ्या बारा मार्चच्या पत्राची नक्कल (मी महत्त्वाच्या पत्राची ठेवते, तुला कधी सांगितलं नव्हतं), आईचं कार्ड आणि तुझं सहा मेचं पत्र. सोबत चार ओळी लिहिल्या. खरा आकडा लोकांना लवकर सांगा, शेतात अजून ही भुकटी चालू आहे. त्याखाली कुणाचं नाव घालायचं ते तुम्ही ठरवा. आणि सचोटीवर लिहिण्याआधी हे जरा उलटून बघा.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती तुझी वाट बघते, मे महिना संपत आला म्हणते.

तू काय लिहिशील ते मला माहीत आहे, म्हणून घाई करू नकोस. तुझं पत्र आलं नाही तर मी ते चांगलं समजेन.

ताई